रान दिसेना

दयानंदरावांच्या घरात बोलणारं म्हणून जे काही उरलं होतं, ते टीव्हीशेजारचं एक काळं खोकं. तेही बोलायचं ते दुखणं आलं की. त्या दिवशी सकाळी ते टीं टीं करू लागलं, आणि चहाचा कप हातात तसाच धरून दयानंदराव त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले. खोक्यावरच्या दोन दिव्यांपैकी एक हिरवा होता. दुसरा नारिंगी झाला होता.

खोकं जावयानं आणून दिलेलं. आत दोन डिस्क. एकीवर जे लिहिलं जातं तेच दुसरीवरही लिहिलं जातं, म्हणजे एक मेली तरी दुसरी असते. "पप्पा, घरातले सगळे फोटो यात ठेवायचे," असं सांगून जावई पुण्याला गेला आणि विसरला. फोटो सगळ्यांच्या फोनातच राहिले. दयानंदरावांनी मात्र त्या खोक्याला भलत्याच कामाला जुंपलं होतं, आणि ते काम काय हे बायकोलाही सांगितलेलं नव्हतं.

निलंग्याच्या पुढं त्यांचं रान होतं. वडिलांच्या वाटणीचं, काळंभोर, विहिरीचं. दयानंदराव वीज मंडळात नोकरीला, मुक्काम लातूरला, त्यामुळे रान बटईनं दिलेलं. विहिरीवरची मोटार दोनदा चोरीला गेली तेव्हा त्यांनी तिथल्या कडुलिंबाच्या झाडावर कॅमेरा बसवला. उन्हावर चालणारा, आत सिमकार्ड असलेला. कॅमेरा जे बघेल ते लातूरच्या खोक्यात येऊन साठायचं आणि टीव्हीवर नुसतं दिसायचं, आवाज नसायचा. पुढं मुलीनं, सृष्टीनं, पुण्यात फ्लॅट घ्यायचं काढलं आणि रान विकावं लागलं. घेतलं ते बांधाला बांध असलेल्या माणिकप्पानं. रान परक्याच्या हातात गेलं नाही, असं सगळे म्हणाले. विकणारा सोडून बाकी सगळ्यांना ते पटलंही.

कॅमेरा झाडावरच राहिला. विकलेल्या रानातून काडीसुद्धा घरी आणू नये, आणली तर उरलंसुरलंही जातं, असं त्यांची आई म्हणायची. आईच्या दुसऱ्या कुठल्या म्हणण्याला दयानंदरावांनी जन्मात भीक घातली नव्हती. हे एक मात्र त्यांनी मनोभावे पाळलं. माणिकप्पाला वाटलं, मालक गेले तसा कॅमेऱ्यातला जीवही गेला, आता वर नुसतं टरफल आहे. दयानंदरावांनी त्याचा हा समज काही दूर केला नाही. त्या सिमला रिचार्ज मारणंही थांबवलं नाही.

त्यात सिंधुताई, म्हणजे त्यांची बायको, मुलीच्या बाळंतपणाला म्हणून पुण्याला गेल्या त्या नातवाला सांभाळायला म्हणून तिथंच राहिल्या. दयानंदराव एकदा जाऊन राहून आले. दिवसभर हॉलमधल्या सोफ्यावर बसायचे, आणि कामवाली झाडू घेऊन आली की पाय वर घ्यायचे. पाय वर घेऊन घेऊन कंटाळले आणि लातूरला परतले. रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल यायचा. नातू पडद्यात तोंड घालायचा, जीभ दाखवायचा आणि फोन बंद करायचा.

मग राहिलं काय, तर दुपारचं जेवण झालं की टीव्ही लावून रान बघणं. दुधाची तहान ताकावर. हरभरा कुठवर आलाय, पाणी कुठल्या सरीत तुंबलंय, हे ते पलंगावर टेकून बघायचे. माणिकप्पानं तुरीला फवारणी उशिरा केली की इकडे यांचा जीव खालवर व्हायचा.

आणि दुपारच्याला एक बाई यायची. माणिकप्पाची सून असावी. बाकीची माणसं जेवून पलीकडच्या अंगाला पडायची तेव्हा ती घागर घेऊन विहिरीवर यायची, घागर बाजूला ठेवायची, डोक्यावरचा पदर खाली घ्यायची आणि लिंबाखाली पाय पसरून बसायची. कधी फोनवर बोलायची, कधी नुसती बसून राहायची. एकदा ती रडली. तोंडाला पदर लावून नाही, लहान पोरीसारखी तोंड उघडं टाकून रडली. त्या रात्री दयानंदरावांच्या ताटातली भाकरी तशीच राहिली. दुसऱ्या दिवशी ती दिसेपर्यंत त्यांना चैन पडलं नाही. ती आली, ओच्यातून बोरं काढून खाऊ लागली, तेव्हा ते मोठ्यानं म्हणाले, "हां, खा, खा." मग आपण कुणाशी बोललो हे कळून त्यांनी उगीच उठून खिडकी लावली.

यात काही वावगं आहे हे त्यांच्या मनातही आलं नाही. 'आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं बघायचं वाकून' ही म्हण ते समोरच्या गॅलरीतल्या जोशीणबाईंसाठी राखून होते. स्वतःचा प्रश्न कुठं येत होता? रान तर आपलंच. म्हणजे, होतं.

डिस्क मेली ती नेमकी येळवस तोंडावर आलेली असताना. वेळा अमावास्येला येळवस म्हणायचं, आणि त्या दिवशी लातूर बघायचं. बाजार बंद, गल्ल्या ओस. संचारबंदी लागली की काय असं परक्याला वाटावं. गाव झाडून रानात. कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपी, घालायची, आत दगडाचे पाच पांडव मांडायचे, पूजा करायची, आणि मग पालेभाज्या-शेंगांची भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे, खीर, दिवस मावळेपर्यंत जेवणं. ज्याला रान नाही तो दुसऱ्याच्या रानात जेवतो, त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. पण आपणच विकलेल्या रानात पाहुणा म्हणून जाऊन पानावर बसायचं, हे दयानंदरावांच्या घशाखाली उतरत नव्हतं. माणिकप्पा दरवर्षी बोलवायचा. गेल्या साली यांनी गुडघ्याचं निमित्त सांगितलं आणि दिवसभर टीव्हीसमोर बसून कोपीची पूजा बघितली. माणिकप्पानं हात जोडले तेव्हा यांनीही पलंगावरून जोडले. यंदाही तसंच करायचं ठरलेलं. वर्षातला तो एक दिवस ते आपल्या रानात असायचे. म्हणून तर नारिंगी दिवा बघून त्यांचं धाबं दणाणलं.

एका डिस्कवर खोकं चाललं असतं. पण तीही गेली तर साठलेलं सगळंच जाईल, या धास्तीनं त्यांनी खोकं बंदच करून ठेवलं. लातूरच्या दुकानदारानं तशी डिस्क यायला आठवडा लागेल म्हणून सांगितलं. तेवढा धीर कुणाला? दुसऱ्या दिवशी पहाटेची एसटी धरून दयानंदराव नांदेडला गेले. स्टेशनजवळच्या गल्लीत हमजाचं कॅमेऱ्याचं आणि कॉम्प्युटरचं दुकान होतं. नोकरीत असताना ऑफिसचे कॅमेरे त्यानंच बसवलेले, त्या ओळखीवर ते गेले. हमजानं मेलेली डिस्क हातात घेऊन कानाशी हलवून बघितली.

"ही तं गेली, साहेब. दुसरी जिंदा हाय ना? मग काय टेन्शन नका घेऊ. नवी घाला, डबा आपोआप जुन्या डिस्कवरून नवीवर सगळं उतरून घेतो," तो म्हणाला. "एवढं काय हाय याच्यात, लातूरहून धावत आलात ते?"

"नातवाचे फोटो हायत," दयानंदराव म्हणाले.

"अरे वा. मग तं जपायलाच पाहिजे."

घरी येऊन त्यांनी नवी डिस्क बसवली. खोकं कामाला लागलं. पडद्यावर आकडा मुंगीच्या पावलानं वर चढत होता आणि दयानंदराव जवळ खुर्ची घेऊन बसले होते. सलाईन लावलेल्या माणसाजवळ बसतात तसे. मध्येच वीज जायची भीती होती, म्हणून इन्व्हर्टर दोनदा तपासून झाला. सकाळी उठून बघतात तर दोन्ही दिवे हिरवे. येळवस दुसऱ्याच दिवशी होती. त्यांनी देवापुढं साखर ठेवली, कारण घरात दुसरं गोड काही नव्हतं.

दुपारी जेवण आटोपून टीव्ही लावला, तर रान दिसेना.

पडदा काळा नव्हता. सगळीभर तपकिरी, आडव्याउभ्या रेघांची जाळी, मध्येच कुठं तरी पांढरे ठिपके चमकत होते. दयानंदराव पलंगावरून उठले. डिस्क भरताना काही तरी बिघडलं असणार. वीज मंडळात त्यांनी जन्मभर पोरांना एकच सांगितलेलं, फॉल्ट आधी आपल्या टोकाला शोधा, मग दुसऱ्याला फोन करा. त्याप्रमाणे त्यांनी खोकं बंद करून चालू केलं. वायर बदलली. राऊटर बदलून बघितला. साठलेलं जुनं चित्रण उघडलं, ते लख्ख. तुरीचं पान न पान दिसत होतं. नवी डिस्क बाहेर काढून नुसत्या जुनीवर खोकं चालवलं, तरी आजचं चित्र तपकिरीच. डिस्क परत आत घातली, खोकं पुन्हा भरायला बसलं, आणि तोवर यांचं बनियन घामानं भिजलं. शेवटी त्यांनी हमजाला फोन लावला.

"साहेब, जुनं उघडून राहिलं ना? मग डिस्कचा काय कसूर नाही," हमजा म्हणाला. "एक काम करा. कॅमेऱ्याचं ॲप फोनमधी घ्या, आन् डब्याला मधी न घेता डायरेक बघा."

ते ॲप त्यांनी केव्हाच काढून टाकलं होतं. त्यातलं बारीक चित्र डोळ्यांना झेपत नसे. पासवर्ड आठवण्यात बराच वेळ गेला. उघडलं, तर फोनवरही तीच तपकिरी जाळी.

"मग झालं," हमजा म्हणाला. "डिस्क बी बरी, डबा बी बरा. कॅमेऱ्याच्या तोंडासमोरच काय तरी आलं. जिथं हाय तिथं माणूस पाठवून बघा."

दयानंदरावांनी चष्मा पुसला आणि टीव्हीच्या अगदी जवळ तोंड नेलं. रेघा हलत होत्या. वाऱ्यानं हलतात तशा. एक सुटलेला दोरा लोंबत होता, आणि पांढरे ठिपके म्हणजे विणीतून येणारं ऊन होतं. बारदाना होता तो. बी-बियाण्याचं पोतं. वाऱ्यानं उडून बसलेलं नव्हतं. कडेला सुतळीची गाठ दिसत होती.

आता माणिकप्पाला फोन करायचा म्हणजे काय सांगायचं? कॅमेऱ्यावरचं पोतं काढ म्हणायचं, तर तुम्हाला कसं कळलं, हे तो विचारणारच. दयानंदराव फोन हातात घेऊन घरातल्या घरात फिरले. उद्या येळवस. न विचारावं तर उद्याचा अख्खा दिवस त्या चार भिंतींत काढायचा, हे त्यांना फोनपेक्षा अवघड वाटलं. त्यांनी नंबर लावला.

फोन बाईनं उचलला.

"माणिकप्पा हायत का?"

"मामंजी रानात गेलेत, कोप घालायला. फोन चार्जिंगला हाय. कोण बोलतंय?"

"मी दयानंद. लातूरहून."

कुठं तरी भांडं खाली ठेवल्याचा आवाज झाला, मग दार ओढल्याचा.

"अण्णा, मी पुनम. धाकली सून," ती आवाज खाली आणून म्हणाली. "तुम्हाला दिसंना झालं म्हणून फोन केलाव व्हय?"

तिचा आवाज कसा असेल याचा दयानंदरावांनी खूपदा विचार केला होता. तो त्यांना वाटला होता त्याहून जाड निघाला. "काय दिसंना?" असं ते बोलून गेले.

"मोटारीचा स्टार्टर जळला म्हणून वायरमन आलता. त्यो वर बघून म्हणला, हे तर चालू हाय, कुणी तरी बघून राहिलंय. मी तिथंच हुते, घागर भरत. त्यो गेला की मी वर चढून बारदाना बांधला. घरात कुणाला म्हणले न्हाई. मामंजी तुम्हाला लई मानतात."

"पोरी, मी रान बघत हुतो. माझ्या बापाचं रान हाय ते."

"रान बघत हुताव," ती म्हणाली. "मग मी दिसले न्हाई का?"

दयानंदरावांनी टीव्हीवरच्या तपकिरी जाळीकडं पाठ केली.

"घरात नऊ माणसं हायत, अण्णा. लग्न करून आल्यापासून मला बसायला म्हणून जागा न्हाई. न्हाणीत जास्त येळ लागला तरी कडी वाजवतात. त्या लिंबाखाली तेवढी मी एकटी असायचे. मला वाटायचं, एकटी हाय."

एकटं असणं हे दयानंदरावांना इतके दिवस दुखणं वाटत होतं. दिवसातून एकदा मिळावं म्हणून कुणी त्यासाठी घागर घेऊन विहिरीवर जात असेल, आणि ते आपण रोज जेवण झाल्यावर पलंगावर टेकून खाऊन टाकत असू, हे त्यांना या घडीपर्यंत माहीत नव्हतं. बाप म्हणून, सासरा म्हणून, माणूस म्हणून त्यांना स्वतःची शरम वाटली.

"त्याच्यात किती दिवसांचं राहतं?" तिनं विचारलं.

इथं खोटं बोलणं सोपं होतं. काही राहत नाही, नुसतं समोरचं दिसतं, असं म्हटलं असतं तर पोरीनं विश्वास ठेवला असता आणि रात्री सुखानं झोपली असती.

"रान इकल्यापासूनचं सगळं हाय," ते म्हणाले.

"मी रडलेलं बी?"

"हाव."

फोन बंद झाला की काय म्हणून त्यांनी कानापासून काढून बघितला.

"आणखी कुणी बघितलंय?"

"न्हाई. घरात मी एकटाच असतो." हे बोलल्यावर आपण कीव मागितल्यासारखं झालं असं वाटून ते घाईनं म्हणाले, "सगळं पुसून टाकतो. आत्ताच. रिचार्ज बी मारत न्हाई."

"बरं. अजून एक सांगायचं हुतं. मामंजी सकाळी तुम्हाला फोन करणार हायत. औंदा गाडीच पाठवतो म्हणत हुते, कसे येत न्हाईत बघतो म्हणून. तुम्ही येऊ नका, अण्णा. तुमचं पान वाढायला मलाच लावतील. मला न्हाई जमायचं."

दोन वर्षं जे बोलावणं दयानंदरावांनी परत पाठवलं होतं, ते त्यांना त्या क्षणी हवंहवंसं वाटलं. विहिरीच्या काठावर उकिडवं बसून आंबील प्यावी, माणिकप्पानं पाठीवर थाप मारावी, इतकं साधं होतं ते. गुडघे तर कधीच दुखत नव्हते.

"न्हाई येत," ते म्हणाले.

तिनं फोन ठेवला. दयानंदराव टीव्हीसमोर बसले. पुसायच्या आधी तो बोरांचा दिवस एकदा बघावा असं मनात आलं, आणि मनात आलं म्हणूनच त्यांनी घाईनं सगळं निवडून पुसायची आज्ञा दिली. खोक्यानं नक्की का म्हणून विचारलं. त्यांनी हो म्हटलं. दोन्ही दिवे एका तालात लुकलुकू लागले. एक डिस्क मेली तर खोकं सांभाळून घेतं. मालकानं स्वतःच्या हातानं पुसलं, तर दोन्हीकडचं इमानेइतबारे पुसून टाकतं. ज्याच्यासाठी पहाटेची एसटी धरून नांदेड गाठलं होतं, ते चहा उकळायच्या आत गेलं. खोकं रिकामं झालं आणि अगदी ठणठणीत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून गल्लीतून गाड्या गेल्या. डबे, टोपल्या, पोरं. समोरच्या जोशीणबाईसुद्धा कुणाच्या तरी जीपमध्ये बसून गेल्या. ऊन वर येईतो गल्लीत कुत्रंही राहिलं नाही. तेव्हा माणिकप्पाचा फोन आला.

"अण्णा, गाडी पाठवून राहिलो. औंदा गुडघ्याचं सांगू नका. उचलून आणायला दोन गडी पाठवतो."

"अरे, औंदा निराळंच झालंय," दयानंदराव म्हणाले. "घरातली मशीन बिघडलीय. नातवाचे फोटो हायत तिच्यात. दुरुस्तीला माणूस यायचाय."

"येळवसाला कोण येतंय दुरुस्तीला? अख्खं लातूर रानात हाय."

"नांदेडहून यायलाय."

"रान इकलं म्हणून आमाला तोडलाव का, अण्णा?" त्यानं विचारलं. विचारताना त्याच्या आवाजातली मस्करी गेली होती.

"न्हाई रे. तसं न्हाई."

"मग डबा पाठवतो. सूनबाईला भरायला सांगतो."

"नको," दयानंदराव म्हणाले. "डबा नको, माणिकप्पा. तिला काही सांगू नको."

"ऱ्हाऊ द्या मग," माणिकप्पा म्हणाला. दुखावला होता. फोन त्यानं खिशात टाकला असावा, पण बंद करायचा राहिला. दयानंदरावांच्या कानाशी रान सुरू झालं. कडबा सळसळला. पोरं कुणाच्या तरी मागं पळाली. पळी पातेल्यावर आपटली. कुणी तरी म्हातारी उंडे मोजून घ्या म्हणाली, आणि मग त्या जाडसर आवाजात कुणी तरी हसून काही तरी म्हणालं, ते नीट कळलं नाही. दयानंदरावांनी फोन कानाशी जास्त घट्ट धरला. दिवसभर धरला असता तरी तिकडं कुणाला पत्ता लागला नसता.

त्यांनी फोन बंद केला.